हळदीचा सलग मिक्स: ऑडॅसिटीवरच्या कामाच्या नोंदी

चुलत भावाची हळद ४ डिसेंबरला, उरणजवळच्या आमच्या गावी. साऊंडवाला ठरला आहे, पण तो स्पीकर आणि मिक्सर तेवढे आणणार. गाणी लावायला डीजे हवा तर त्याचे पैसे वेगळे. करवली म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. हवं ते एवढंच: पाऊण तास सलग वाजेल अशी एक फाइल, मध्ये नाच थांबता कामा नये, जुनी कोळीगीतं पाहिजेत आणि सुरुवातीला आजीचा धवला, म्हणजे आमच्याकडचं लग्नगीत. काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर केलं, डीजेंचं सॉफ्टवेअर मुद्दाम घेतलं नाही. ते त्या रात्री लॅपटॉपपाशी उभं राहणाऱ्यासाठी असतं आणि मला नाचायचं आहे.

५ नोव्हेंबर

आधी वेळ ठरवली. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि आमच्याकडे दहाच्या ठोक्याला चौकीवरून फोन येतोच. हळद लावून होईपर्यंत साडेआठ होतात. जेवणाआधी पाऊण तासाचा मिक्स आणि त्यानंतर ज्याला जे लावायचं ते, असा हिशोब.

गाणी चौदा. पाच बाबांच्या कॅसेटींतून, सहा घरातल्या सीड्यांवरून, तीन विकत घेतलेल्या फाइली. भावाच्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर रीमिक्सचा ढीग पाठवला, त्यातलं काहीच घेतलं नाही. दर अर्ध्या मिनिटाला त्या डीजेचं नाव ओरडणारा आवाज गाण्यातच मुरलेला असतो, तो काढता येत नाही. शिवाय ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचे सूर किती आहेत याचं चित्र, उघडून पाहिलं तर बहुतेक फाइलींत १६ हजार हर्ट्झच्या वर काळोख. व्हिडिओवरून उतरवलेला माल. घरात चालून जातो, मोठ्या स्पीकरवर झांजा आणि टाळ्या बोथट वाजतात.

खर्च: ऑडॅसिटी फुकट. वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन १,८०० रुपये. कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा बदलायला २५० रुपये. प्लेअरपासून लॅपटॉपपर्यंतची केबल घरात होती.

८ नोव्हेंबर

कॅसेटी उतरवल्या. पहिलं गाणं बाबांच्या पेटीबरोबर जुळवून पाहिलं तर ते कुठल्याच पट्टीत बसेना, काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी. पट्टा नवा असला तरी प्लेअर थोडा जोरात पळतो. ऑडॅसिटीत यासाठी ‘चेंज स्पीड’ वापरायचं, ‘चेंज टेम्पो’ नाही. टेपचा वेग चुकला की सूर आणि लय दोन्ही एकदम चढतात, म्हणून दोन्ही एकदमच खाली आणायचे. उणे अडीच टक्क्यांवर गाणं काळी दोनला नीट बसलं. एका प्लेअरवरून उतरवलेल्या बाकीच्या गाण्यांनाही हाच आकडा लागला, पण प्रत्येक पेटीवर तपासूनच लावला.

हे काम लय मोजायच्या आधी करायचं. वेग बदलला की मोजलेली लय वाया जाते.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं एक गाणं हेडफोनवर विचित्र ऐकू येत होतं. आवाज रुंद, पण गाणारी बाई समोर नाहीच, डोक्याच्या मागून गाते आहे असं वाटावं. ट्रॅक मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून पाहिला तर बाई गायब झाली. एका चॅनलची तरंगरेषा उलटी आली होती: डावीकडे जिथे चढ, उजवीकडे तिथे उतार. स्टीरिओ ट्रॅक फोडून एका चॅनलवर ‘इन्व्हर्ट’ चालवला, परत जोडला, बाई समोर आली. जुनी कॅसेट किंवा कुणी उतरवून दिलेली फाइल असेल तर मोनो करून एकदा ऐकाच, कारण मांडवातली सिस्टिम बहुधा मोनोच वाजते.

११ नोव्हेंबर

लय मोजणे. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो वाचवायला जाऊ नये.

सॉफ्टवेअरने आपोआप काढलेले आकडे आपल्या गाण्यांवर फारसे कामाचे नाहीत. बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांची. पाय मिनिटाला ९६ पडतात आणि यंत्र १४४ सांगतं, म्हणजे बरोबर दीडपट. ते आतल्या बारीक मात्रा धरतं, नाचणारा माणूस मोठा ठोका धरतो. दुसऱ्या एका गाण्यावर उलटं झालं: पाय १०४ आणि आकडा ६९. आकडा दिसला की त्याला दीडने गुणून आणि भागून पाहायचं, आणि शेवटी पायावर विश्वास ठेवायचा.

म्हणून हाताने मोजलं. गाणं वाजत असताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कंट्रोल+एम दाबलं की लेबल पडतं. ३२ ठोके मोजून परत एक लेबल. मधले सेकंद घेऊन १,९२० ला त्यांनी भागलं की मिनिटाचे ठोके. पहिल्या कोळीगीताचे सुरुवातीचे ३२ ठोके २० सेकंदांत झाले, म्हणजे ९६. शेवटच्या कडव्यानंतरचे ३२ ठोके १९.०१ सेकंदांत, म्हणजे १०१. तीन मिनिटांत वादक मंडळी पाच ठोक्यांनी चढली! समोर लय धरून ठेवणारी यंत्राची क्लिक नाही, ढोलकीवाला रंगात आला, गाणं चढलं. ऐकायला तेच छान लागतं, पण ‘या गाण्याची लय अमुक’ असं म्हणायची सोय राहत नाही. प्रत्येक गाण्याचे दोन आकडे लिहून ठेवले, तोंडाचा आणि शेपटाचा. जोड लावताना आधीच्याचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड एवढंच जुळवायचं असतं.

लेबलं सुरुवातीला ब्लूटूथ हेडफोनवर लावली होती. सगळी उशिरा पडली, कारण आवाज कानापर्यंत पोचतो तोवर पडद्यावरची रेघ पुढे गेलेली असते. वायरचा हेडफोन घेतला तरी हाताचा उशीर राहतोच. लेबल अंदाजे टाकायचं, मग झूम करून ढोलकीच्या थापेचा उभा चढ जिथे सुरू होतो तिथे सरकवायचं.

१४ नोव्हेंबर

लयीची शिडी कागदावर काढली. धवल्यानंतर ९६ पासून सुरुवात, पहिली पंधरा मिनिटं १०८ पर्यंत, मग ११२, लावणीच्या टप्प्यात १२०, शेवटी १२८. सगळी गाणी एकाच लयीला ओढायचा मोह होतो, पण जुन्या गाण्याला दहा टक्के ताणलं की गाणाऱ्याचे शब्द चावल्यासारखे येतात. माझी मर्यादा चार टक्के.

‘चेंज टेम्पो’मध्ये उच्च दर्जाची, सावकाश चालणारी सोय आहे. नावावर जाऊन सगळ्याला ती लावली आणि ढोलकीची थाप मऊ पडली. गाणाऱ्याचा आवाज मात्र तिने चांगला राहतो. साधी सोय थाप धारदार ठेवते, पण तीन-चार टक्क्यांच्या पुढे तीच थाप दोनदा वाजल्यासारखी होते. तालप्रधान गाण्यांना साधी, संथ गाण्यांना उच्च, असं वाटून टाकलं. ऑडॅसिटी ३.४ पासून क्लिपचं टोक आल्ट धरून ओढलं तरी लय ताणता येते आणि मूळ आवाज शाबूत राहतो. अंदाज घ्यायला ते सोयीचं आहे. पक्का आकडा मी ‘चेंज टेम्पो’तच दिला.

दुसरं गाणं तोंडाशी १०४ आणि पहिल्याचं शेपूट १०१. पूर्ण गाणं उणे २.९ टक्के केलं तर ते मध्ये रेंगाळतं. म्हणून त्याच्या पहिल्या मिनिटापुरता ‘स्लायडिंग स्ट्रेच’ लावला, सुरुवातीला उणे २.९ आणि शेवटी शून्य. मिनिटभरात गाणं आपल्या मूळ चालीवर येतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आता जे फसलं ते. चौदाही गाणी एकाखाली एक ट्रॅकवर मांडून, जोड लावत लावत पुढे चालले होते. मग तिसऱ्या गाण्याची लय थोडी कमी करायची ठरवली. त्याची लांबी वाढली आणि त्यापुढे लावलेले जोड जागेवरून सुटले. पूर्ण संध्याकाळचं काम गेलं. आता क्रम असा: आधी प्रत्येक गाणं वेगळ्या प्रोजेक्टमध्ये पूर्ण तयार करायचं, म्हणजे वेग, लय, काटछाट सगळं, मग त्याची ३२ बिट फ्लोट वेव्ह फाइल काढायची. मोठ्या प्रोजेक्टमध्ये फक्त मांडणी आणि जोड. तिथे लांबी बदलणारं काहीही चालवायचं नाही.

१६ नोव्हेंबर

पहिला जोड. सगळीकडे सांगतात तसा लांब घेतला, ३२ ठोके, एक गाणं हळूहळू खाली आणि दुसरं हळूहळू वर. ऐकवत नव्हतं. कारणं शोधली तेव्हा तीन निघाली.

एक, लय. १०१ आणि १०१.५ यांत फरक तो काय, असं वाटतं. पण दर ठोक्याला तीन मिलिसेकंदांच्या आसपास पडतात. आठ ठोक्यांत सुमारे २३ मिलिसेकंद होतात, ते कान पोटात घालतो. ३२ ठोक्यांत ९४ होतात आणि दोन ढोलक्या एकमेकींच्या मागे धावताना स्पष्ट ऐकू येतात. माणसांनी हाताने वाजवलेल्या गाण्यात मिनिटाला अर्ध्या ठोक्याचा फरक दर कडव्याला असतो. त्यामुळे लांब जोड आपल्या जुन्या गाण्यांना मुळातच मानवत नाही. यंत्रावर बांधलेल्या गाण्यांसाठी तो ठीक.

दोन, आवाजाची पातळी. सरळ रेषेच्या फेडमध्ये, म्हणजे आवाज एकसारखा चढवत-उतरवत नेला तर, मध्यावर दोन्ही गाणी सहा-सहा डीबी (डेसिबल) खाली असतात आणि एकत्र मिळून तीन डीबीचा खड्डा पडतो. नाचणाऱ्यांना वाटतं आवाज कुणी कमी केला. ‘क्रॉसफेड ट्रॅक्स’मध्ये ‘कॉन्स्टंट पॉवर’ निवडलं की खड्डा भरतो.

तीन, खालचे सूर. दोन गाण्यांचा बास एकत्र आला की नुसता घुमारा उरतो. नव्या गाण्यांत हे जास्त, पण जुन्यांतही ढोलकीची धुम्म दोन्हीकडून आली की तेच.

शेवटी बसलं ते असं. जोड फक्त आठ ठोक्यांचा. येणाऱ्या गाण्याच्या तेवढ्या तुकड्याची नक्कल खालच्या ट्रॅकवर घ्यायची, तिला १५० हर्ट्झवर ‘हाय-पास फिल्टर’, उतार २४ डीबी. म्हणजे येणारं गाणं आधी धुम्मशिवाय येतं, फक्त चाट आणि टाळ्या. समेवर जाणारं गाणं तोडायचं, त्याच समेला येणाऱ्याचा पूर्ण आवाज सुरू. तोडताना झेड दाबून कट शून्यरेषेवर आणायचा आणि दोन्हीकडे पाच मिलिसेकंदांचा फेड द्यायचा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज राहतो. १०८ च्या लयीला आठ ठोके म्हणजे साडेचार सेकंदसुद्धा नाहीत. जोड जितका आखूड झाला तितका तो कमी कळायला लागला.

पट्टीचंही याच दिवशी पाहिलं. तिसरं गाणं काळी दोन, चौथं पांढरी दोन, म्हणजे शेजारचे सूर. चार सेकंदही एकत्र वाजले तर दात आंबतात. चौथ्याची लय १०२ होती आणि मला १०८ हवी होती, सुमारे सहा टक्के जास्त, माझ्या चार टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. पण वेग सहा टक्के वाढला की सूर जवळजवळ अचूक एक पट्टी चढतो. तेव्हा ‘चेंज टेम्पो’ सोडून ‘चेंज स्पीड’नेच ५.९ टक्के वाढवलं. लय १०८ झाली, पांढरी दोनची काळी दोन झाली आणि ताणल्याची खरखर अजिबात नाही, कारण इथे ताणणं नसतंच, टेप जोरात फिरवल्यासारखं ते काम. गाणारा थोडा तरुण वाटतो, एवढंच. बाकी गाण्यांचा क्रम लावताना एकच पट्टी किंवा सा-पचं नातं, म्हणजे काळी एकनंतर काळी चार, एवढंच धरलं. जिथे जमलं नाही तिथे जाणाऱ्या गाण्याचा फक्त ढोलकीचा तुकडा शेवटी ठेवला.

१९ नोव्हेंबर

सहा मात्रांतून आठ मात्रांत जायचा जोड. कोळीगीतांचा टप्पा ११२ ला संपतो आणि लावण्या सुरू होतात, त्या केरव्याच्या. मोठा ठोका दोन्हीकडे ११२ केला, सम जुळवली, तरी आठ ठोके एकत्र वाजवल्यावर चक्क भांडण. एकीकडे ठोक्याचे तीन भाग, दुसरीकडे चार. फिल्टरने हे सुटत नाही, कारण भांडण वरच्या थापांतच आहे.

दोन गाणी एकत्र वाजवायचा नाद सोडला. गावातल्या ढोल पथकातल्या धाकट्या भावाला, ‘नुसते ठोके दे, मध्ये काहीही नको’ असं सांगून ढोलावर सरळ ठोके वाजवायला लावले आणि फोनवर रेकॉर्ड केले.

“ताई, एवढंच? मला तोडा येतो ना!” तो बिचारा नाराज.

तोडा नकोच होता. फोन आवाज आपोआप कमीजास्त करतो, म्हणून सगळे ठोके सारख्या जोराचे आले नाहीत. सगळ्यांतला एक चांगला ठोका निवडला आणि तोच दर ०.५३६ सेकंदाला आठ वेळा मांडला. दोन जागी दुसरा ठोका घातला, नाहीतर यंत्र वाजतंय हे कळतं. कोळीगीत समेवर थांबतं, आठ मोकळे ठोके पडतात, तेवढ्यात तीनचा हेलकावा कानातून जातो आणि नवव्या ठोक्याला लावणीची ढोलकी उतरते. पूर्ण मिक्समध्ये मला आवडलेली जागा हीच, आणि तिथे मिश्रण असं काहीच नाही.

२२ नोव्हेंबर

धवला. आमच्या आगरी लग्नांत पूर्वी लग्न लावायचं काम धवलारणीचं. आजीने तिच्या आईकडून शिकलेले धवले तिला अजून पाठ आहेत. मागच्या पडवीत बसवून फोनवर रेकॉर्ड केले. पंखा बंद करायला लावला, पण शेजारच्या पंपाची घरघर आलीच.

रेकॉर्डिंग भावाच्या फोनमध्ये होतं. त्याने व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं, ते दाबून आलं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत मागवलं. फाइल एम४ए, ती उघडायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं.

पंपाची घरघर ‘नॉइज रिडक्शन’ने काढली. आजी सुरू करायच्या आधीचे दोन सेकंद नुसत्या घरघरीचे होते, ते नमुना म्हणून दिले. १८ डीबी काढायला गेले तर आवाजात बुडबुडे यायला लागले. सहा डीबीवर थांबले. थोडी घरघर राहिली, राहू दे. मांडवात कुणाला ऐकू येणार आहे?

मग धवल्याखाली हलकी ढोलकी घालून पाहिली. आजीची प्रत्येक ओळ वेगळ्या लांबीची, श्वास संपेल तिथे ओळ संपते. ठोक्यावर बसवायला प्रत्येक शब्द कापून सरकवावा लागला आणि मग ती आजी राहिलीच नाही. तिला ऐकवलं तर म्हणाली, “धवल्यान ढोल कनाला गो?” विषय संपला.

ढोलकी काढली, कापलेलं सगळं फेकलं, मूळ रेकॉर्डिंग परत घेतलं. दीड मिनिट नुसता धवला. शेवटच्या ओळीचा सूर ती लांबवते, तो विरतो आणि पुढचा श्वास घेतल्याचा बारीक आवाज येतो. त्या श्वासानंतर जिथे नवी ओळ सुरू व्हायला हवी, नेमकी तिथे पहिल्या कोळीगीताची सम ठेवली. पट्टी जुळवायला धवला हलवला नाही, गाणंच अर्धी पट्टी खाली घेतलं.

२५ नोव्हेंबर

पातळी. कॅसेटची गाणी उणे २० एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणि नवी विकत घेतलेली उणे ८. नुसतं ‘नॉर्मलाइज’ करून फरक जात नाही, ते फक्त सगळ्यात उंच टोक पाहतं, कानाला जाणवणारा जोर नाही. ‘लाऊडनेस नॉर्मलायझेशन’ने सगळी उणे १६ वर आणली. नवी गाणी बरीच खाली येतात तेव्हा लॅपटॉपवर मिक्स मरगळलेला वाटतो. वाटू दे, साऊंडवाल्याकडे आवाज वाढवायला पूर्ण मिक्सर आहे. उलट जुन्या गाण्यांना ओढून नव्यांच्या पातळीला नेलं असतं तर सोबत कॅसेटची सळसळही बारा डीबी वर आली असती.

प्रोजेक्टची फाइल फुगत चालली होती, कारण मागे जाता यावं म्हणून ऑडॅसिटी प्रत्येक बदलाची जुनी प्रत सांभाळते. ‘हिस्टरी’च्या खिडकीतून जुन्या पायऱ्या टाकून दिल्या. त्याआधी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर.

निर्यात केली आणि ऐकत बसले तर ढोलाचे आठ ठोके गायब, त्या जागी शांतता. ट्रॅक ‘म्यूट’वर राहिला होता. म्यूट केलेलं निर्यातीत येत नाही आणि ऑडॅसिटी त्याबद्दल काही बोलतही नाही.

२८ नोव्हेंबर

साऊंडवाल्याच्या गोदामात चाचणी. फाइल लावली आणि गाणारे सगळे गायब! ढोलकी लांबवर, कोरस पसरलेला, झांजा स्पष्ट, मधला आवाज नाही. साऊंडवाला म्हणाला, “मॅडम, तुमची फाइल खराब आहे.” दुसरं कुठलंही गाणं लावून पाहू म्हटलं, तर त्याचंही तेच.

कॅसेटच्या उलट्या चॅनलचा अनुभव होता म्हणून केबल पाहिली. लॅपटॉपच्या स्टीरिओ पिनवरून मोठी स्टीरिओ पिन, आणि ती मिक्सरच्या एका बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये. असं इनपुट दोन तारांमधला फरक उचलतं. डाव्या-उजव्यात जे सारखं असतं ते वजा होतं आणि गाणारा तर दोन्हीकडे सारखाच असतो. फाइल मोनो करून दिली असती तर संपूर्ण शांतता मिळाली असती आणि मी घरी जाऊन रात्रभर फाइल तपासत बसले असते. एका लहान पिनेच्या दोन वेगळ्या मोनो पिना होणारी केबल २०० रुपयांना मिळाली. डावी एका चॅनलला, उजवी दुसऱ्याला. गाणारे परत आले. ही केबल आपलीच न्यावी.

मोठ्या स्पीकरवर आणखी एक कळलं. लावण्यांतली एक हेडफोनवर बरोबर होती, पण इथे बास सुटला. ८० हर्ट्झच्या आसपास तीन डीबी कमी केले.

१ डिसेंबर

अंतिम निर्यात: १६ बिट वेव्ह, ४४,१०० हर्ट्झ, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. राखीव म्हणून ३२० केबीपीएसची एमपी३ फोनमध्ये. गाण्यांचे वेगळे तुकडे काढून एकामागून एक लावले तर चालेल का, असं साऊंडवाल्याने विचारलं. एमपी३ मध्ये तर नाहीच. ती बनताना प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नि शेवटी थोडी शांतता चिकटते आणि ठोका तिथेच अडखळतो. फाइल एकच.

लेबलं मजकुराच्या फाइलीत निर्यात करून कागदावर छापली: कुठलं गाणं कितव्या मिनिटाला. एक प्रत साऊंडवाल्याला.

६ डिसेंबर

वाजला. कागद कामाला आला, कारण विसाव्या मिनिटाला लाइट गेली. जनरेटर सुरू झाल्यावर साऊंडवाल्याने कागद बघून फाइल नेमकी त्या गाण्याच्या सुरुवातीला नेली. ढोलाच्या आठ ठोक्यांना पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुढची लावणी बायकांनी अंगणाच्या मध्ये येऊन घेतली. धवल्याच्या वेळी मात्र बोलणी चालूच होती. पुढच्या वेळी धवला हळद लावतानाच वेगळा वाजवायचा, मिक्सच्या तोंडाशी नाही.

एका फाइलची मोठी अडचण: आत्याने मागितलेलं गाणं परत लावता येईना. ‘परत लाव’ म्हटल्यावर मागे न्यावं लागतं आणि मग पुढची पाच मिनिटंही परत ऐकावी लागतात. मागणी येईल अशी दोन-तीन गाणी सुटी ठेवायला हवीत.

बऱ्याच जणांनी फाइल मागितली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवायला सूट आहे. तोच मिक्स कुठे चढवायला किंवा वाटायला ती लागू होत नाही. म्हणून फाइल देणार नाही, या नोंदी देते आहे.

एक जोड अजून खटकतो, एकतिसाव्या मिनिटाचा. जाणाऱ्या लावणीचं शेपूट ११९ आणि येणारीचं तोंड १२१, मी मधला १२० धरून दोन्ही थोड्या ताणल्या आणि दोन्हींची थाप मऊ पडली. एकीलाच सुमारे १.७ टक्के ताणून पाहायचं आहे. फेब्रुवारीत मामेबहिणीचं लग्न आहे, तोवर होईल. तिला लावण्या नको आहेत म्हणे, सगळी कोळीगीतंच हवीत, तेव्हा तो जोडच लागणार नाही कदाचित.